पाण्यातली हवा

शेवरी फाट्यावर एसटी थांबली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की समोरची चहाची टपरी आधी वासानं कळली आणि मग दिसली. राखी खाली उतरली. पाठीवर पिशवी, काखेत खोकं, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब, बारीक वस्तू. ती तिनं छातीशी उभी धरली होती.

"सांडपाणी प्रक्रिया केंद्र कुठं आहे हो?" तिनं टपरीवाल्याला विचारलं.

टपरीवाल्यानं गाळणी थांबवली. "कायचं केंद्र?"

"गटाराचं पाणी स्वच्छ करतात ते."

"हां, बदबू टाकी! असं बोला ना मंग!" त्यानं बाकावर बसलेल्या एका तरुणाकडं मान वळवली. "नयन, ह्या मॅडमले घेऊन जा रे. तुह्याच टाकीवर चालल्या."

तो बशीतला चहा संपवून उठला. उंच, सावळा, कानाला मफलर. त्यानं आधी त्या लांब पुडक्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बासरी शिकवाले आल्या काय? आमच्या इकडं ऐकाले फक्त म्हशी येतेत."

"बासरी नाही. काच आहे. आणि शिकवायला तुम्हालाच आले आहे."

"मले? मले कायले? मले तं सगळंच येते."

"सगळंच?" राखीनं चष्मा वर सारला. "मग गाडी हळू चालवता येते का, ते पाहू. ही फुटली तर दुसरी यवतमाळहून यायला आठवडा जाईल."

ती त्याच्या मोटारसायकलवर मागं बसली. दोन्ही हात काचेला, त्यामुळं धरायला काही नाही. नयननं हे ओळखलं आणि गाडी इतकी सावकाश सोडली, की डोक्यावर कापूस वेचायची पिशवी घेऊन शेतात निघालेली एक बाई त्यांना मागं टाकून पुढं गेली. वळून म्हणाली, "गाडी बिघडली काय रे नयन?"

"गाडी नाही मावशी," तो म्हणाला, "ड्रायव्हर..."

मागून एक हसू आलं. दाबलेलं, पण पुरतं न दबलेलं. ते ऐकून त्यानं गाडी अजून हळू केली.

केंद्र गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी होतं. एका बाजूनं सगळ्या गावाची मोरी आत यायची. आधी जाळीत चिंध्या, पन्न्या अडकायच्या. मग मोठ्या टाकीत खालून हवा सोडत, तिथं पाणी रात्रंदिवस उकळल्यासारखं खदखदत राही. पुढच्या टाकीत गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी नाल्याला लागायचं. नयनचं काम चाव्या फिरवायचं, हवेचं यंत्र चालू ठेवायचं, जाळी साफ करायचं. घरी गेला की आई तानाबाई अंगणातच बादली ठेवायची. अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. गावातले सोबती नाक धरायचे. कोणी काही बोलायच्या आत नयन स्वतःच विनोद करून मोकळा व्हायचा. हसणाऱ्याच्या आधी हसलं की कमी लागतं.

राखी आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरची. तिचा बाप उत्तमसिंग कपाशी करायचा. तांड्यात रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली ती पहिलीच मुलगी, आणि हे उत्तमसिंग बाजारात भाजीवालीलाही सांगायचा. यवतमाळच्या एका संस्थेत तिला काम मिळालं. तिथल्या प्रेरणा मॅडमपुढं ती एक दिवस हट्टाला पेटली होती.

"शेवरीच्या पाण्याची तपासणी बाहेरच्या एजन्सीला देऊ नका, मॅडम. जी माणसं रोज त्या टाकीवर उभी असतात, त्यांनाच शिकवू. त्यांना येईल."

"आणि नाही आलं तर?"

"येईल. मी शिकवते."

मॅडमनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं होतं. "महिन्यानं मी स्वतः येते. तुझ्या शब्दावर नाही, त्यांच्या हातावर ठरेल. चुकले, तर तपासणी एजन्सीकडं जाईल आणि ते चाव्याच फिरवत राहतील."

तो शब्द राखीनं दिला होता. त्या काचेइतकाच तोही तिला जपायचा होता.

शिकणारे चौघे होते. त्यात नयन, आणि सगळ्यांत वडील डोमाजी. डोमाजीचे हात बाभळीच्या मुळांसारखे, आवाज मात्र मऊ. गावात लग्न असो की तेरवी, पाणी वाढायला डोमाजी. आमच्याकडं भांडं ओठाला लावत नाहीत. वरून धार धरतात, खाली ओंजळ. डोमाजीची धार अशी, की हातभर उंचीवरून पडली तरी एक थेंब बाहेर जायचा नाही. त्याचा त्याला मान होता.

पहिले काही दिवस सोपे गेले. कागदी पट्टी बुडवून आंबटपणा पाहायचा. उंच नळकांड्यात पाणी भरून गाळ किती खाली बसतो ते पाहायचं. मग आली हवेची चाचणी.

"पाण्यातही हवा असते," राखीनं सांगितलं. "तीच मासे घेतात. ती संपली की नाला सडतो, काळा पडतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या पाण्यात हवा किती उरली, ते आपण मोजायचं. पण एक लक्षात ठेवा. बाटली पाण्यात बुडवून, तिरकी धरून, हळूहळू भरायची. बुडबुडासुद्धा राहता कामा नये. वरून ओतलं, की बाहेरची हवा आत मिसळते. मग ते माप पाण्याचं राहत नाही."

"बुडवून?" डोमाजी अडखळला. "हात बुडवून पाणी घ्यायचं... बेअदबी वाटते पोरी."

"पाहुण्यासाठी नाही भरायचं, काका. तपासण्यासाठी भरायचं."

"हो जी," डोमाजी म्हणाला, आणि त्यानं नीट बुडवून भरली.

आता त्या लांब काचेच्या नळीची पाळी आली. ती उभी लावायची, खालची तोटी अगदी हलके सोडायची. बाटलीतलं पाणी औषधं घालून निळंशार झालेलं. वरून एकेक थेंब पडायचा आणि कोणत्या थेंबाला निळा रंग जातो, ते पाहायचं. तिथं मोजणी थांबायची. जितके थेंब जास्त लागतील, तितकी पाण्यात हवा जास्त.

नयन तोटीवर वाकला. थेंब... थेंब... श्वास रोखून. आणि एका थेंबासरशी सगळं निळं गेलं. पाणी नितळ.

"गेला! मॅडम, गेला ना!" तो लहान मुलासारखा ओरडला. पण थोड्या वेळानं त्याचा चेहरा उतरला. "मॅडम... हा तं परत येऊन राह्यला."

"येऊ द्या. बाहेरचा वारा लागला की येतो. पहिल्यांदा गेला, तोच खरा."

"म्हणजे रंगाचं मन काही थाऱ्यावर नाही."

"रंगाचं नाही, तुमचं. माझ्याकडं काय पाहता? पाण्याकडं पाहा."

"पाणीच पाहून राह्यलो..." नयन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "तुमच्या चष्म्यात दिसते."

बाकीचे खो-खो हसले. राखीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. गरज नव्हती. पण वर पाहायला तिला थोडा वेळ हवा होता.

नंतर तो पिशवीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणू लागला. "आईनं दिल्या," म्हणायचा. आईला पत्ता नसायचा. टाकीच्या कट्ट्यावर बसून दोघं शेंगा सोलायची. धुकं पाण्यावरून उठायचं, खालच्या नाल्यावर बगळे उतरायचे.

"तुमच्या गोर बोलीत पाण्याले काय म्हणतेत?" त्यानं एकदा विचारलं.

"आईला याडी म्हणतात. पण पाण्याला पाणीच."

"बरं झालं. एवढं तरी सारखं हाय."

ती हसली, मग शेंगेकडं पाहत हळूच म्हणाली, "पण तांड्याबाहेरच्या माणसाला कोर म्हणतात. परका."

"कायम परकाच राह्यते काय तो?"

"माहीत नाही. आमच्या घरी अजून कोणी विचारलं नाही..."

नयनच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यानं सोललेले सगळे दाणे तिच्या पुढ्यात सरकवले आणि उठून यंत्र पाहायला गेला. यंत्र नीट चालू होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

महिना सरत आला. नयन बदलत चालला होता. नाल्याकडं म्हशी घेऊन येणाऱ्या गुराख्यांना तो थांबवून सांगायचा, आज पाण्यात हवा किती. घरी एकदा जेवताना त्यानं आईला सगळी चाचणी समजावून सांगितली. तानाबाई भाकरी थापता थापता ऐकत राहिली. "म्हणजे तू काय तपासून राह्यला, ते दिसत नाही?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "दिसत नाही. म्हणून तं मोजा लागते."

शेवटच्या आठवड्यात हवेच्या दोन यंत्रांपैकी एक दुरुस्तीला गेलं. थंडी कडक पडली होती. एका यंत्रावर टाकी मंद खदखदत होती, आणि रोजचा आकडा खाली येत येत चारच्याही आत आला होता.

परीक्षेच्या दिवशी प्रेरणा मॅडम सकाळीच आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी राखीला दाराशी उभं केलं.

"नियम माहीत आहे ना? तू एक शब्द बोलायचा नाही. खूण नाही, खाकरणं नाही. ते करतील, मी पाहीन."

"हो मॅडम."

पट्टी झाली. गाळ बसवून झाला. मॅडम इतर दोघांबरोबर आत येणाऱ्या पाण्याच्या जाळीकडं गेल्या. "हवेची बाटली भरून ठेवा, मी आलेच."

बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी डोमाजी होता. महिनाभर त्यानं बाटली नीट बुडवून भरली होती. पण आज गावात पाहुणा होता. यवतमाळचा मोठा पाहुणा. डोमाजीनं बादलीत पाणी घेतलं, लोटा भरला, बाटली खाली धरली, आणि कळायच्या आत त्याचा हात आयुष्यभर गेला तसाच वर गेला. पाण्याची बारीक, सरळ, सुंदर धार बाटलीत पडली. एक थेंब बाहेर गेला नाही. त्यानं झाकण लावलं आणि समाधानानं बाटली नयनच्या हाती दिली.

राखीनं दारातून ते पाहिलं.

नयन त्या वेळी नळी धुवून लावत होता. त्यानं पाहिलं की नाही? तिला कळेना. त्यानं एकदा तरी मान वळवावी, म्हणजे ती डोळ्यांनी... नाही. खूण नाही. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

मॅडम परत आल्या. औषधं पडली. पाणी निळं झालं. थेंब... थेंब... थेंब... रोज जिथं रंग जायचा, ती जागा मागं पडली. नयन तोटी सोडतच राहिला. निळा हटेना. बऱ्याच उशिरा एका थेंबाला पाणी नितळ झालं.

"सहाच्या वर," नयन म्हणाला.

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "सहाच्या वर? अरे वा! एका यंत्रावर इतकं? राखी, तुझी माणसं तर..." त्यांनी पेन काढलं. डोमाजीची छाती फुगली. बाकी दोघांनी टाळी वाजवली.

राखीच्या मनात एक बारीक आवाज म्हणाला — काय बिघडतं? आकडा चांगला आहे. माणसं पास होतात. तुझा शब्द राहतो. बोलायची तर तुला बंदीच आहे... आणि त्या आवाजाची तिला इतकी लाज वाटली, की कान तापले.

नयन नळीसमोर उभा होता. महिनाभर ज्याची नजर दर थोड्या वेळानं तिच्याकडं वळायची, तो आज तिच्याकडं पाहत नव्हता. नितळ पाण्याकडं पाहत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "लिहू नका."

पेन थांबलं.

"हा आकडा पाण्याचा नाही. काल चारच्या आत होता, परवाही होता. यंत्र अजून आलं नाही, थंडी तशीच हाय. एका रातीत हवा येईन कुठून? बाटली भरताना धार वरून पडली असन. बाहेरची हवा हाय ही."

बाहेर टाकी तेवढी खदखदत होती.

"धार पडताना मी पाहिली नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बोलला नसता, तर मी सही केली असती. शेवरीचं केंद्र पास झालं असतं. हे कळतं ना तुम्हाला?"

"कळते जी."

"मग?"

"मंग सहा लिहिलं, तं ते यंत्र कायले लवकर येईन? सगळं चांगलंच चाललं म्हणतीन. अन् खाली नाला सडन." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "नापास करा. पण हे लिहू नका."

"माह्या हातून झालं," डोमाजी एकदम बोलला. त्याचे डोळे भरले होते. "पोट्ट्यानं माहं नाव घेतलं नाही, पण मीच. पाहुण्याले खालून पाणी कसं द्याचं... हात आपोआप वर गेला, बाई."

मॅडम क्षणभर त्या म्हाताऱ्या हातांकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि कुर्त्याच्या बाह्या वर केल्या.

"चला काका. आता दोन बाटल्या. एक तुम्ही भरा, एक मी भरते. बुडवून."

दोघंही नाल्याच्या तोंडाशी वाकली. डोमाजीनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, बाटली तिरकी धरली, बुडबुडा सुटेपर्यंत थांबला आणि पाण्याखालीच झाकण लावलं. मॅडमची बाटली त्यांनी स्वतः तपासली, डोमाजीची नयननं. दोन्ही आकडे चारच्या आत निघाले, आणि त्या दोहोंत एका थेंबाचाही फरक नव्हता.

मॅडमनं तेच लिहिलं. मग फोन काढून कुणाला तरी कडक आवाजात सांगितलं, यंत्र दोन दिवसांत बसलं पाहिजे. आणि चौघांकडं वळून म्हणाल्या, "उद्यापासून तपासणी तुम्ही करायची. इथला आकडा आला, की मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

डोमाजीनं हिशेब लावून पाहिला. "म्हणजे बाई... पाणी नापास, अन् आपण पास?"

तेव्हा कुठं सगळे हसले. मॅडम सगळ्यांत मोठ्यानं.

दुपारी राखी सामान आवरत होती. काचेला गुंडाळायला नयननं घरून कवडीचा कापूस आणला होता, बाजारात न खपणारा, पिवळट. दोघं नळीभोवती कापूस लपेटत होती.

"मुकुटबनले जाणार म्हणे सोमवारी?" त्यानं विचारलं.

"हो. तिथंही शिकवायचं आहे."

"हं."

कापूस संपत आला. राखीनं एकाएकी हात थांबवला.

"सकाळी एकदा तरी पाहायचं होतं माझ्याकडं. जीव टांगणीला लागला होता माझा."

"पाहाचं लय मनात होतं."

"मग काहून नाही पाह्यलं?" तिच्या तोंडून वऱ्हाडी कधी निघाली, तिला कळलं नाही.

"पाह्यलं असतं, अन् मंग बोललो असतो, तं मॅडम म्हणल्या असत्या, पोरीनं डोळ्यानं सांगतलं. तुह्यावर बोल आला असता." तो थांबला. पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. "म्हणजे... तुमच्यावर."

"राहू दे. तू बरं वाटते."

तिच्या केसांत कापसाचा एक धागा अडकला होता. तो काढायला त्यानं हात पुढं केला, मध्येच थांबवला. राखीनं मान जराशी पुढं केली... एवढीच. त्यानं धागा काढला आणि परत दिला नाही.

"राखी, मले लय बोलता येत नाही..."

"खोटं. फाट्यावरून इथवर बोलतच आला होतास."

"ते चेष्टेचं बोलता येते. खरं बोलाचं आज शिकलो." त्यानं श्वास घेतला. "तू मुकुटबनले जाय. अजून दहा गावाले जाय. तुह्या हातचं शिकलेले लोक जिल्हाभर होऊ दे. पण परत येशील तेव्हा... माह्या घरी ये."

तिनं चष्मा काढला. या वेळी पुसायची खरंच गरज होती.

"पहिलं माझ्या घरी यावं लागेल तुला," ती म्हणाली. "आणि आलेच बघ माझ्या घरचे."

फाटकाशी कापसाची गाठोडी लादलेला छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला होता. उत्तमसिंग जिनिंगच्या कारखान्यात जाताजाता लेकीला घ्यायला आला होता. मिशीला कापसाचे तंतू, डोक्याला लाल फेटा. खाली उतरून त्यानं नाक न धरता सगळीकडं पाहिलं आणि मग नयनकडं बोट केलं.

"ई कुण छ?" त्यानं लेकीला विचारलं.

राखी मराठीतच बोलली, नयनला कळावं म्हणून. "बापू, हा नयन. इथलं पाणी तपासतो. आज ह्यानं स्वतःचा आकडा स्वतः खोडला, मोठ्या मॅडमसमोर. मी शिकवलेला आहे." शेवटचं वाक्य म्हणताना तिची मान ताठ झाली होती.

उत्तमसिंगनं नयनला वरून खालपर्यंत पाहिलं. "असं काय? मंग आमच्या तांड्याच्या विहिरीचं पाणी प्याले चांगलं हाय का नाही, सांगशील?"

हो म्हण, असं राखीला वाटलं. आणि नको म्हणूस, असंही.

"नाही सांगता येत, बापू," नयन म्हणाला. "प्याच्या पाण्याची तपासणी निराळी असते. मले ती येत नाही."

"येत नाही?"

"शिकीन. पण शिकाले तुमच्याच घरी या लागन... शिकवणारी तठीच हाय."

डोमाजी दूर जाळीपाशी उगाच खाकरला. उत्तमसिंगनं फेटा सारखा केला, मिशीवरचा एक तंतू काढून त्याच्याकडं पाहिलं, फुंकून टाकला. मग कापसात गुंडाळलेली काच उचलली आणि स्वतः गाडीत पुढं, बसायच्या जागेवर ठेवली.

गाडी निघाली. राखीनं मागं वळून पाहिलं. नयन फाटकात उभा होता. हात हलवत नव्हता, नुसता पाहत होता, सकाळचंही सगळं भरून काढत.

बाप गाडी चालवत राहिला. हिरव्या तुरी मागं गेल्या, वेचलेली कपाशी मागं गेली. राखी मांडीवरचे हात घट्ट धरून बसली होती. अरुणावतीच्या पुलावर आल्यावर त्यानं गाडी हळू केली आणि समोर रस्त्याकडं पाहतच म्हणाला,

"याडीले मी सांगतो. तू सांगशील, तं भांडण होईन."